क्षमा कोणाच्या मालकीची?

गेल्या वर्षी शाबान महिन्यातील एका शुक्रवारी, जुम्याच्या नमाजपूर्वी, मी क्षमाशीलतेवर बयान केले. रमजान तोंडावर आला होता. आपापसांतील वैर मिटवून, मने स्वच्छ करून या पवित्र महिन्याचे स्वागत करावे, असे मी कळकळीने सांगितले. नमाजनंतर अनेकांनी हात हातात घेऊन समाधान व्यक्त केले. मशीद रिकामी झाल्यावर मात्र एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "मौलाना, आज तुम्ही माझ्या वतीनं माफी देऊन टाकलीत. माझं काय गेलं, ते एकदा तरी विचारलंत का?"

मी निरुत्तर झालो. त्यांची हकीकत मला नंतर कळली. वडिलांच्या मृत्यूनंतर धाकट्या भावाने वडिलोपार्जित दुकान कागदोपत्री स्वतःच्या नावावर करून घेतले होते. या गोष्टीला अकरा वर्षे झाली. दोघे भाऊ आजही एकाच मशिदीत नमाज अदा करतात. एक पहिल्या सफेत उजवीकडे उभा राहतो, दुसरा शेवटच्या सफेत. सलाम फेरला की एक पुढच्या दाराने निघतो, दुसरा मागच्या. त्या शुक्रवारी थोरला भाऊ माझ्यासमोर बसून क्षमेचे मोठेपण ऐकत होता, आणि ज्याने त्याचा हक्क हिरावला तो धाकटाही तेच ऐकून संतोषाने मान डोलावत होता. माझ्या बयानामुळे एकाच्या जखमेवर मीठ पडले आणि दुसऱ्याला विनासायास दिलासा मिळाला.

त्या प्रश्नाने मला पुन्हा अभ्यासाला बसविले. राग आणि सूडबुद्धी यांवर मात कशी करावी, याविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याला 'क्षमा कर' असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि क्षमा केली म्हणजे न्यायाचा हक्क सोडला, असे होते काय?

ईसा (अ.) यांच्या अनुयायांकडे पाहताना

या शोधात मी ख्रिस्ती परंपरेकडेही वळलो, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वस्तुतः तसे वाटू नये. दिव्य कुरआनच्या सूरह हदीदमध्ये (५७:२७) अल्लाहने हजरत ईसा (अ.) यांच्या अनुयायांच्या अंतःकरणात करुणा आणि दया घातल्याची साक्ष दिली आहे. ज्या गुणाची ग्वाही खुद्द अल्लाह देतो, त्याचा अभ्यास करण्यात श्रद्धावंताला संकोच कशाचा? मराठी विषय घेऊन बी.ए. करीत असताना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मी ग्रंथालयातून आणून वाचले होते. तेव्हाची दृष्टी परीक्षार्थ्याची होती. या वेळी थोरल्या भावाचा प्रश्न मनात ठेवून वाचले.

मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात हत्येचा विचार हत्येपाशी सुरू होत नाही; तो रागापाशी सुरू होतो. भावाविषयी मनात बाळगलेला क्रोध आणि त्याला उद्देशून उच्चारलेला तुच्छतेचा शब्द हेही न्यायासनासमोर येतील, असा इशारा तेथे आहे. त्याला लागूनच एक सूचना येते. वेदीवर अर्पण वाहण्यास आलेल्या माणसाला, भावाची आपल्याविरुद्ध काही तक्रार आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग परत येऊन अर्पण वाहावे.

येथे मी थबकलो. उठून जाण्यास कोणाला सांगितले आहे? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला! पहिले पाऊल टाकण्याचे ओझे या वचनात दुखावलेल्या माणसावर नाही, दुखावणाऱ्यावर आहे. मी माझ्या बयानात नेमका याच्या उलट वागलो होतो. चुकीच्या भावाला उपदेश केला होता.

आणि हे आपल्याकडे नाही, असे कोठे आहे? बुखारीमधील प्रसिद्ध हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे की, ज्याने आपल्या भावाच्या अब्रूवर किंवा अन्य कशावर जुलूम केला असेल, त्याने आजच त्याच्याकडून मोकळीक मिळवावी, ज्या दिवशी दीनार-दिरहम उपयोगी पडणार नाहीत, त्या दिवसाची वाट पाहू नये. त्या दिवशी हिशेब सत्कृत्यांनी चुकवावा लागेल, आणि ती संपली तर पीडिताची पापे जुलमी माणसाच्या माथी येतील. मुस्लिममधील दुसऱ्या हदीसनुसार सोमवारी आणि गुरुवारी स्वर्गाची दारे उघडतात व शिर्क न करणाऱ्या दासांना क्षमा केली जाते; मात्र ज्या दोघांमध्ये वैर आहे, त्यांचा निर्णय समेट होईपर्यंत लांबणीवर टाकला जातो. वेदीपाशी थांबलेले अर्पण आणि लांबणीवर पडलेली क्षमा यांत मला एकच शिकवण दिसली. माणसाशी तुटलेले नाते तसेच ठेवून ईश्वराशी नाते जोडता येत नाही.

कर्जदाराचा दाखला

पेत्राने येशूला विचारले होते, भावाने अपराध केल्यास त्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा काय? उत्तर मिळाले ते सातच्या सत्तरपट वेळा. म्हणजे मोजणीच सोडून द्यावी. या उत्तराला जोडून एक दाखला येतो. एका सेवकावर राजाचे इतके प्रचंड कर्ज होते की, ते फेडणे त्याच्या अनेक जन्मांत शक्य नव्हते. राजाने दया येऊन ते माफ केले. तो सेवक बाहेर पडला आणि आपल्या एका सोबत्याला थोड्याशा रकमेसाठी गळा धरून तुरुंगात टाकून आला. राजाला हे कळले, तेव्हा त्याने दिलेली माफी परत घेतली. ख्रिस्ती चिंतनाचा गाभा येथे आहे. क्षमा करणारा माणूस उंचावर उभा राहून दान करीत नाही. तो स्वतः माफी मिळालेला कर्जदार असतो. जे मिळाले, तेच तो पुढे देतो.

हा दाखला वाचताना सूरह नूरमधील प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांच्यावर खोटे आळ घेण्यात आले. आळ पसरविणाऱ्यांत मिस्तह (रजि.) हेही होते. ते हजरत अबू बकर (रजि.) यांचे गरीब नातलग, त्यांचा खर्च अबू बकर (रजि.) चालवीत होते. ज्याला आपण पोसले, त्यानेच आपल्या मुलीच्या चारित्र्यावर चिखल उडवावा, यापेक्षा मोठा आघात पित्यावर कोणता होणार? मिस्तहला यापुढे काहीही देणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. तेव्हा अल्लाहचा आदेश अवतरला (२४:२२): संपन्न लोकांनी नातलगांना व गरजूंना न देण्याची शपथ घेऊ नये, माफ करावे, सोडून द्यावे. आणि त्याबरोबर एक प्रश्न: अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी, असे तुम्हाला वाटत नाही काय? तो ऐकताच अबू बकर (रजि.) यांनी मिस्तहचा खर्च पूर्ववत सुरू केला.

दोन्हीकडे सूडबुद्धीवरील औषध एकच आहे. स्वतःच्या क्षमेची गरज आठवा. परंतु एक बारकावा लक्षात घ्यावा. अबू बकर (रजि.) यांना हा प्रश्न विचारला तो अल्लाहने. शेजाऱ्यांनी नव्हे, मिस्तहच्या पाठीराख्यांनी तर नव्हेच. शिवाय हा आदेश अवतरण्यापूर्वी आयशा (रजि.) यांचे निर्दोषत्व जाहीर झाले होते आणि आळ घेणाऱ्यांना शासनाचा नियम सांगितला गेला होता. सत्य आधी प्रस्थापित झाले, क्षमेचा विषय नंतर आला.

बारीपाड्यातील एक स्त्री

पुस्तकातील शिकवण जीवनात उतरते तेव्हा कशी दिसते? आपल्याच देशातील एक उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. ऑस्ट्रेलियातून आलेले ग्रॅहम स्टेन्स १९६५ पासून ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात, बारीपाडा येथे कुष्ठरुग्णांची सेवा करीत होते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री मनोहरपूर या गावी ते आपल्या दोन मुलांसह, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपले असताना जमावाने त्या गाडीला आग लावली. तिघेही जळून मृत्युमुखी पडले.

मागे उरल्या पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्थर. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. मनात कटुता नाही, असे सांगितले. देश सोडून जाणे सोपे होते, कोणी बोलही लावला नसता. त्या मात्र बारीपाड्यातच राहिल्या आणि पुढे अनेक वर्षे पतीचे काम चालवीत राहिल्या. ज्या समाजातील माणसांनी घर जाळले, त्याच समाजातील रुग्णांच्या जखमांची काळजी घेतली जात राहिली. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

या घटनेचा दुसरा भाग लोक सहसा सांगत नाहीत. ग्लॅडिस यांनी क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशीच त्यांची भूमिका होती. मुख्य आरोपीला २००३ साली फाशीची शिक्षा झाली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली. ग्लॅडिस यांनी आपल्या हृदयातील खटला मागे घेतला. समाजाचा खटला मागे घेणे त्यांच्या हाती नव्हते, आणि त्यांनी तसा आग्रहही धरला नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने हेच सांगितले आहे की, सूड स्वतः घेऊ नये, तो ईश्वरावर सोपवावा. भुकेल्या शत्रूला जेवू घालावे. त्या पत्राच्या पुढच्याच अध्यायात दुष्कर्म्याला शासन करणे हे सत्तेचे कर्तव्य म्हणून मान्य केलेले आहे.

जेथे वाटा वेगळ्या होतात

साम्य दाखविताना भेद झाकणे हा प्रामाणिकपणा नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमेचा सर्वोच्च आदर्श क्रूसावरील प्रसंग आहे. कुरआनच्या शिकवणीनुसार आपण तो प्रसंग तसा घडला असे मानत नाही. त्या श्रद्धेत क्षमेची सुरुवात ईश्वरी कृपेपासून होते आणि म्हणून क्षमा हे जवळजवळ कर्तव्य ठरते. इस्लाममध्ये विवेचनाची सुरुवात पीडिताच्या हक्कापासून होते. सूरह शूरामध्ये (४२:४०) आधी सांगितले आहे की, वाईटाचा बदला तेवढाच असतो. मग सांगितले आहे की, जो क्षमा करील व सुधारणा करील, त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे. आणि लगेच पुढे, जुलूम सोसल्यावर ज्याने आपला बदला घेतला, त्याच्यावर दोष नाही, असेही स्पष्ट केले आहे. सूरह नहलमध्ये (१६:१२६) बदल्याची मर्यादा घालून दिली आणि संयम अधिक चांगला असल्याचे सांगितले. सूरह माइदामध्ये (५:४५) हक्क सोडून देणाऱ्यासाठी ते कृत्य पापांचे प्रायश्चित्त ठरविले.

हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याच्याजवळ हक्क आहे, तोच तो सोडू शकतो. ज्याला हक्कच नाकारला, त्याच्या तोंडून वदवून घेतलेली माफी हा दुसरा जुलूम होय. म्हणूनच हत्येच्या प्रकरणातही माफ करण्याचा निर्णय इस्लामी कायद्याने काजीकडे न देता मृताच्या वारसांकडे ठेवला. आणि तो कायदा सांगणाऱ्या आयतीतच (२:१७८) मारेकऱ्याचा उल्लेख वारसाचा 'भाऊ' म्हणून आला आहे! हक्क पूर्ण दिला, पण तो देताना नात्याची आठवणही दिली. हा समतोल मला अत्यंत हृदयस्पर्शी वाटतो.

क्षमेविषयी आणखी एक गैरसमज असतो की, क्षमा केली म्हणजे वेदना संपली पाहिजे, पूर्वीचे प्रेम परतले पाहिजे. प्रेषित (स.) यांचे चुलते हजरत हमजा (रजि.) यांना उहुदच्या लढाईत वहशी यांनी ठार मारले. पुढे वहशी यांनी इस्लामचा स्वीकार केला. प्रेषित (स.) यांनी तो मान्य केला, सूड घेतला नाही, मात्र आपला चेहरा माझ्यासमोर आणणे टाळता येईल का, असे त्यांना विचारले. साऱ्या जगासाठी कृपा म्हणून पाठविलेल्या प्रेषितांच्या हृदयातही चुलत्याच्या आठवणीची कळ उरली होती, आणि ती त्यांनी लपविली नाही. जखम दुखते म्हणून आपली क्षमा खोटी आहे, असे ज्याला वाटते, त्याने हा प्रसंग आठवावा.

आपल्या काळातही असे दाखले आहेत. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जण शहीद झाले. त्यांत हुस्ना अहमद होत्या. स्त्रिया व मुलांना बाहेर काढून, चाकांच्या खुर्चीवर असलेल्या आपल्या पतीसाठी त्या परत आल्या आणि गोळीला बळी पडल्या. पती फरीद अहमद यांनी हल्लेखोराला क्षमा केल्याचे जगासमोर सांगितले. तेथेही न्यायालयाने आपले काम केले. हल्लेखोराला सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप झाली. बारीपाडा आणि ख्राइस्टचर्च, एक ख्रिस्ती पत्नी आणि एक मुस्लिम पती; दोघांनीही न्यायाची वाट अडविली नाही आणि द्वेषाला घरात जागा दिली नाही.

राग रात्रभर ठेवू नये

राग सूडबुद्धीत केव्हा बदलतो? तो साठवला जातो तेव्हा. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात राग येणेच पाप मानलेले नाही; सूर्य मावळेपर्यंत तो मनात ठेवू नये, असे सांगितले आहे. आपल्याकडे प्रेषित (स.) यांनी भावाशी अबोला धरण्याची कमाल मर्यादा तीन दिवस ठरविली आणि दोघांत श्रेष्ठ तो, जो आधी सलाम करतो, असे सांगितले. एका परंपरेत सूर्यास्त, दुसरीत तीन दिवस. पण दोन्हींना ठाऊक आहे की, रागाला मुदत घातली नाही तर तो मुक्काम करतो.

सूरह आल-इमरानमध्ये (३:१३४) राग गिळणाऱ्यांची प्रशंसा करताना जो 'कज्म' शब्द योजला आहे, त्याचा मूळ अर्थ भरलेल्या मशकीचे तोंड बांधणे असा आहे. मशक रिकामी आहे, असे कुरआन म्हणत नाही. ती काठोकाठ भरलेली असू शकते. तोंड बांधणे हे माणसाचे काम आहे. त्याच आयतीत यापुढची पायरी लोकांना माफ करण्याची, आणि त्यापुढची उपकार करण्याची आहे. तीन पायऱ्या एका उडीत चढण्याची सक्ती कोणावर नाही. पहिल्या पायरीसाठी प्रेषित (स.) यांनी साधे उपाय सांगितले आहेत. उभा असलेल्याने बसावे, राग न शमल्यास आडवे व्हावे, अल्लाहचा आश्रय मागावा, मौन धरावे.

मी थोरल्या भावाच्या घरी गेलो आणि माझ्या बयानाबद्दल त्यांची माफी मागितली. म्हणालो, "चाचा, तुमचा हक्क तुमचा आहे. तो सोडायला सांगणारा मी कोण?" त्यानंतर धाकट्याकडे गेलो आणि दीनार-दिरहम उपयोगी न पडणाऱ्या दिवसाची हदीस त्याच्यासमोर ठेवली. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. दुकानाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कागद अद्याप त्याच्याच नावावर आहेत, दोन सफांमधील अंतरही कायम आहे.

मात्र ईदनंतर थोरले भाऊ मला म्हणाले, "मौलाना, अकरा वर्षं प्रत्येक नमाजनंतर त्याच्यासाठी बददुआ मागायचो. आता नाही मागत. दुआही निघत नाही अजून. पण बददुआ थांबवली."

मला वाटते, मशकीचे तोंड बांधले गेले आहे. पुढची पायरी ते चढतील की नाही, हा त्यांचा आणि त्यांच्या पालनकर्त्याचा प्रश्न आहे. मिम्बरवरून बोलणाऱ्या आम्हा लोकांचे काम इतकेच की, ज्याने हक्क हिरावला त्याला तो परत करण्यास सांगावे आणि ज्याचा हिरावला गेला त्याच्याजवळ धीराने बसावे.

अल्लाह, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या हृदयांना शांती दे, आणि ज्यांच्या हातून अन्याय घडला त्यांना तो मृत्यूपूर्वी दुरुस्त करण्याची सद्बुद्धी दे. आमीन.